चार कोटांचा साहेब

मंडी मोहल्ल्यातल्या दत्तोजीराव सुत्राव्यांना एकेकाळी अर्धा म्हैसूर जिल्हा तोंड भरून शिव्या देत असे, आणि त्या शिव्यांनी ते गोडाचं जेवण झाल्यासारखे तृप्त होत. नंजनगूड, हुणसूर, चामराजनगर, जिथं म्हणून नाटक कंपनीचा तंबू पडे, तिथं तिसऱ्या अंकात ते लाल कोट घालून रंगमंचावर येत, छडी बुटावर आपटत आणि अशी काही आरोळी ठोकत की पुढच्या चटईवरची पोरं आयांच्या पदरात शिरत. कर्नल म्हणा, कलेक्टर म्हणा, कॉफीच्या मळ्याचा मालक म्हणा. नाटक कुठलंही असो, गोरा साहेब म्हणजे दत्तोजीराव. बावीस वर्षं.

खरं तर ते नट नव्हतेच. घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांच्याही आधी कुणीतरी उत्तरेकडून बैलगाडीत रंगाच्या कढया घालून म्हैसुरात आलं, एवढंच घरात ठाऊक होतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी, आणि उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं झालं तर दोन्हींची खिचडी. कंपनीत ते अठराव्या वर्षी गेले ते पडदे आणि पोशाख रंगवायला. दरबाराचा पडदा, अरण्याचा पडदा, राणीचा शालू, सैनिकांचे कोट, सगळं त्यांच्या हातचं. त्या हाताला नजरही होती. दिव्याखाली नुसता लाल काळपट दिसतो, म्हणून ते लालात चिमूटभर पिवळा टाकत. मग तो कोट असा पेटायचा की शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यालाही आधी कोट दिसे, मग माणूस.

एकदा हुणसूरच्या मुक्कामात साहेबाचं काम करणारा नट तापानं फणफणला. मालकांनी तंबूभर नजर फिरवली. दत्तोजी कोपऱ्यात कढई ढवळत होता. रंग गोरा, डोळे घारे.

"उठ रे," मालक म्हणाले. "कोट तूच रंगवलायस, आज तूच घाल."

"मालक, मला एक वाक्य पाठ न्हाई!"

"साहेबाला वाक्य कशाला लागतं? ओरड."

दत्तोजी ओरडला. तिसऱ्या रांगेतून एक चप्पल आली आणि त्याच्या कानाला चाटून गेली. तो पळत आत आला. मालकांनी त्याला मिठी मारली आणि ती चप्पल उचलून त्याच्या हातात दिली. "असलं बक्षीस मला उभ्या आयुष्यात मिळालं नाही," म्हणाले. त्या दिवसापासून कढई आणि कोट दोन्ही त्याच्याकडे आले.

पुढे कंपनी मोडली. तंबू विकला गेला, पडदे कुणीकुणी नेले. दत्तोजीरावांनी घरी येऊन साड्या रंगवल्या, पोरं मोठी केली, बायको गेली, आणि आता ब्याऐंशीव्या वर्षी ते नात अमूल्या हिच्याबरोबर दोन खोल्यांत राहत होते. अमूल्या औषधांच्या दुकानात हिशेबाला होती. रोज सकाळी जुन्या कंपनीचे पेटीवाले सुब्बराव येऊन ओसरीवर बसत. ते कानडीच बोलत, मराठी त्यांना सगळं कळे, आणि इतकी वर्षं ऐकूनही एक शब्द बोलायचा नाही असा त्यांचा पण होता.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी दारात स्कूटर थांबली. चाळिशीची बाई, खांद्याला पिशवी, डोक्याला हेल्मेट.

"दत्तोजीराव सुत्रावे इथंच राहतात का? मी मृदुला. सरस्वतीपुरमच्या आपल्या मराठी मंडळातून आले. आम्ही संक्रांतीच्या कार्यक्रमात नाटक करतोय. कुणीतरी सांगितलं, तुम्ही पूर्वी साहेबाचं काम करायचात."

"करायचात?" दत्तोजीराव म्हणाले. "स्वल्प थांबा."

ते आत गेले. ट्रंकेची कडी वाजली. सुब्बरावांनी घाईघाईनं कॉफीचा पेला बाजूला सरकवला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. मृदुलाला काही कळायच्या आत दारात लाल कोट उभा राहिला आणि गल्ली हादरली. समोरच्या घरात कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं.

मृदुला आधी दचकली, मग पोट धरून हसत सुटली. "काका, काय आवाज आहे हो!"

"घे," सुब्बराव कानडीत म्हणाले, "चाळीस वर्षं झोपलेलं भूत उठवलंस, बाई. आता निस्तर."

नाटक लिहिलं होतं अरुण यांनी. ते जयलक्ष्मीपुरमला राहत, कॉलेजात इतिहास शिकवत, पंधरा वर्षांपूर्वी नाशकाहून इथं आलेले. पहिल्या तालमीला त्यांनी सगळ्यांना सभागृहात गोल बसवलं. सगळे एकजात पंचवीस ते पन्नाशीचे, संगणकाच्या कंपन्यांत नाही तर बँकांत कामाला, आणि मधोमध खुर्चीवर लाल कोट मांडीवर घेऊन दत्तोजीराव.

"आपलं नाटक चार प्रवेशांचं," अरुण म्हणाले. "गाव एकच, घर एकच, साहेबाचं काम करणारा नटही एकच. पण प्रत्येक वेळी तो वेगळ्या कामासाठी आलाय. पहिल्या वेळी त्याला मिरी हवीय, कापड हवंय. त्याच्याकडे आपल्याला हवंसं काहीच नाही, नुसती चांदी आहे. म्हणून तो हात जोडून येतो. दुसऱ्या वेळी त्याला दुसऱ्या गोऱ्यांना हाकलायचंय, म्हणून वखारीला भिंत येते, भिंतीवर तोफ येते. तिसऱ्या वेळी त्याच्या लक्षात येतं की कापड विकण्यापेक्षा जमिनीचा सारा गोळा करणं बरं. मग तो सांगतो कुणी काय पेरायचं, आणि त्याच्याच गिरणीचं कापड आपल्याला विकतो. आणि चौथ्या वेळी तो म्हणतो, हे सगळं मी तुमच्या भल्यासाठी करतोय. वाईट हे, की त्याला ते खरंही वाटतं."

दत्तोजीराव लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "प्रोफेसर, येवढं सगळं एका कोटात कसं मावायचं?"

"म्हणूनच चार कोट करायचेत, काका. पहिला मळका पांढरा. लाल दुसऱ्या प्रवेशात."

"पहिल्याला लाल न्हाई?" म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मग लोकांना कळणार कसं साहेब आला ते?"

"नाही कळलं तर उत्तमच," अरुण म्हणाले.

हे मात्र दत्तोजीरावांच्या डोक्यात शिरेना. कंपनीच्या नाटकांत साहेब यायचा तो साहेब होऊनच. तो आधी कोण होता, कुठून आला, पहिल्या दिवशी गावात शिरताना कुणाला काय म्हणाला, याची चौकशी ना कधी मालकांनी केली होती ना कधी प्रेक्षकांनी.

पहिला प्रवेश असा होता. किनाऱ्यावरच्या गावातलं विणकराचं घर. घरची कर्ती बाई, म्हणजे मृदुला, सूत उकलत बसली आहे. परदेशी व्यापारी येतो, कापडाचे नमुने बघतो आणि ओसरीवर एक कोपरा मागतो, माल ठेवायला. बस्स, एवढंच. मृदुलानं खूण केली. दत्तोजीराव पाय आपटत आले. हातात छडी नव्हती, तरी हात छडी धरल्यासारखाच. "एय् बाई! कापड डाकव!"

तालमीला बसलेली मंडळी खो खो हसली.

"काका," अरुण म्हणाले, "त्याला बाईची गरज आहे. तो मागतोय."

"मागतोच की. डाकव म्हंतो."

"डाकव नाही, दाखवा. आणि बोबडं नको. हे लोक आधी आपली भाषा शिकले."

दुसऱ्या तालमीला त्यांनी आवाज खाली आणला. तो वाघानं दबा धरावा तसा झाला. तिसऱ्या तालमीला ते हात जोडून आले, आणि हात जोडलेला माणूस आता तलवार उपसणार असंच सगळ्यांना वाटलं. चौथ्या तालमीला ते हसले. त्या हसण्यानं मृदुलाच्या हातातलं सूत सुटलं.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर मृदुला त्यांच्या शेजारी येऊन बसली. बाई सरळ होती, आडपडदा तिला जमत नसे.

"काका, रागावू नका. उरलेले तिन्ही प्रवेश तुम्ही खातच सुटता. पण पहिला उभा राहिला नाही तर नाटकच उभं राहत नाही. आणि नट एकच हवा, हा तर मुद्दाच आहे. अनुरागनं सगळी वाक्यं पाठ केलीत."

अनुराग म्हणजे त्यांच्यातला उंच, देखणा पोरगा. तो दत्तोजीरावांना दर तालमीनंतर गाडीवरून घरी सोडायचा.

"चांगला पोरगा हाय तो," दत्तोजीराव म्हणाले.

"रविवारी शेवटचं बघू. जमलं तर तुम्ही. नाहीतर..."

"सरि, सरि. बोलू नका पुढचं."

घरी आल्यावर त्यांनी जेवण अर्धंच केलं. अमूल्यानं विचारलं तर म्हणाले, दाढ दुखते. खरं काय दुखत होतं ते तिला ठाऊक होतं. गेल्या महिनाभरात ताता, म्हणजे तिचे आजोबा, सकाळी शीळ घालत दाढी करायला लागले होते. भाजीवाल्याला, वाण्याला, नळावरच्या बायकांना सांगून झालं होतं की संक्रांतीला नाटक आहे, यायचं. या गल्लीत त्यांना सुब्बरावांखेरीज कुणी रंगमंचावर पाहिलं नव्हतं. कोट नुसता ट्रंकेत होता आणि पराक्रम नुसते तोंडात. एकदा, मरायच्या आधी एकदा, आपल्या नातीनं आपल्याला दिव्यांत उभं असलेलं बघावं, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. ते हातचं चाललं होतं.

गुरुवारी अमूल्याला सुट्टी होती. दुपारी ती अवरेकाळू सोलत बसली. थंडीतले हे पावट्याचे दाणे भिजवायचे आणि चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचे. म्हैसुरात संक्रांतीच्या सुमाराला घरोघरी हेच चालतं. समोर दत्तोजीराव आरशापुढे उभं राहून आरशाला कापड मागत होते.

"बाई, कापड दाखवा. बाईसाहेब, कापड दाखवा. अहो बाई..."

"ताता, बेडा, नको," अमूल्या हसून म्हणाली. "तुमी मागत न्हाई, भीती घालता. आरसाच फुटंल."

"मग तूच सांग कसं मागायचं."

"मला काय गोत्तु?" तिनं एक दाणा उडवला. "तुमी सायकलवर गावोगाव रंगाचे डबे विकायला जायचे ना? आजी सांगायची. तवा काय ओरडायचे का गिऱ्हाइकावर? तसं मागा."

दत्तोजीराव आरशात बघतच राहिले. मग हळूच येऊन तिच्यासमोर खाली बसले, आणि बराच वेळ एकेक दाणा उगाच सोलत राहिले.

"मी सांगतो," ते म्हणाले. "हे तुझ्या आजीलाबी सांगितलं न्हाई."

पावसाळ्यात कंपनी बंद असे. ते चार महिने दत्तोजी बाजारातल्या एका व्यापाऱ्याचे रंगाचे डबे घेऊन सायकलनं खेड्यांत जाई. पुडी गरम पाण्यात टाकायची, मूठभर मीठ टाकायचं, कापड बुडवायचं, अर्ध्या घटकेत लालबुंद. असे डबे आजोबांच्या काळी पहिल्यांदा गल्लीत आले ते बोटीतून, गोऱ्यांच्या देशातून. आजोबांच्या कढया त्यांनीच थंड केल्या. नातवाच्या वेळी डबे इथंच बनू लागले होते, पण काम तेच.

वरुणा गावात चौडम्मा नावाची बाई होती. साठीची, कोरडी, काटक. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून ती सूत रंगवायची. आधी तेल, मग हिरडा, मग तुरटी, मग मुळ्यांचं पाणी. वीस दिवसांचं काम. आसपासच्या पाच गावांतल्या नवरदेवांचे फेटे तिच्याकडचे. रंग चढला का हे ती कढईतलं पाणी जिभेला लावून सांगे. असा लाल दत्तोजीनं फक्त आजोबांच्या गोष्टींत ऐकला होता.

"तिच्या दारात मी सायकल नेलीच न्हाई," दत्तोजीराव म्हणाले. "लांब झाडाखाली लावली. डबे पोत्यात झाकले. वहाणा काढल्या आणि म्हटलं, अम्मा, स्वल्प पाणी मिळंल का? प्यालो. मग म्हटलं, हा लाल कुणाच्या हातचा? असा म्या जन्मात बघितला न्हाई. अमूल्या, ते खोटं नव्हतं बघ. खरंच बघितला नव्हता. ती खूश झाली. मला बसायला पोतं टाकलं. तीन वेळा गेलो. तीनदा तिच्या हातचं नाचणीचं मुद्दे-सारू खाल्लं, मुळ्या कुटायला मदत केली. मला शिकायचंबी होतं. आणि विकायचंबी होतं. दोन्ही एकाच वेळी, समजतं का तुला?"

अमूल्याचे हात थांबले होते.

"चौथ्या वेळी गेलो तर ती रडकुंडीला आलेली. पावसानं मुळ्या कुजलेल्या, आणि तीन दिवसांवर लग्न, बारा फेटे द्यायचे. मी म्हटलं, अम्मा, आजच्यापुरतं. एक डबा माझ्याकडं हाय. पैसे नको, तू माझी आईच. बारा फेटे संध्याकाळी दोरीवर."

"मग?"

"मग काय. वर्षभरात गावात घरोघरी डबा. अम्माकडं कशाला जातील? तिनंच डबे ठेवले विकायला, माझ्याकडनं घेऊन. मला व्यापाऱ्यानं शाबासकी दिली. दोन वर्षांनी गेलो तर कढया अंगणात पालथ्या. ती म्हणाली, बस, जेव. जेवताना म्हणाली..." म्हातारा थांबला. चौडम्माचे शब्द त्यानं कानडीतच उच्चारले, आधी ओठांतल्या ओठांत, मग नातीसाठी मराठीत. "म्हणाली, तू पहिल्या दिवशी ओरडत आला असतास तर मी कुत्रं सोडलं असतं तुझ्यावर. तू पाणी मागितलंस. पाणी मागणाऱ्याला काय करायचं, ते मला कुणी शिकवलं न्हाई."

 अमूल्यानं सोललेल्या दाण्यांचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं, आणि दोघांनी मिळून उरलेले सोलून संपवले. सारासाठी फोडणी टाकताना ती आतून म्हणाली, "ताता, रविवारी मीबी येते तालमीला."

"नको. पडलो तर तुझ्यासमोर नको."

"येते म्हटलं ना."

रविवारी सभागृहात अनुराग मळका पांढरा कोट हातावर घेऊन तयार बसला होता. दत्तोजीरावांना बघून उठला आणि कोट त्यांच्या अंगावर चढवू लागला. "मला घालायचा नाहीये, काका," तो हळूच म्हणाला. "कसंही करून जमवा."

मृदुला लाल सूत घेऊन बसली. खूण झाली.

दत्तोजीराव लगेच आलेच नाहीत. विंगेत त्यांनी वहाणा काढल्याचा आवाज आला. मग ते आले ते कडेकडेनं, ओसरीच्या जरा अलीकडेच थांबले आणि खाली, तिच्या हातातल्या सुताकडे बघत म्हणाले, "बाई, पाणी मिळेल का जरासं?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. मृदुला गोंधळली. समोर तांब्या नव्हता, पेला नव्हता. पण तिचा हात आपोआप उठला, तिनं नसलेल्या तांब्यातून नसलेलं पाणी ओतलं. ते ओंजळीनं प्याले. ओंजळ झटकली, कोटाला पुसली.

"हा लाल कुणाच्या हातचा?"

मृदुलानं मान वर केली आणि, नंतर तिनं सगळ्यांना सांगितलं, आपण तालमीत आहोत हे ती विसरली. तिनं सरकून ओसरीवर जागा केली. "बसा ना," म्हणाली. तेही नाटकात नव्हतं. ते बसले, अगदी कडेला, जेमतेम. आणि मग अरुणनी लिहिलेल्या वाक्यांवर आले, कापडाचे नमुने बघितले, आणि निघता निघता मागे वळून, जणू आत्ताच सुचल्यासारखं, म्हणाले, "एक कोपरा दिलात तर... पाऊस आहे म्हणून."



अरुण उठून आले. "काका, हे तुम्ही कुठून आणलंत?"

"वरुण्यातनं," दत्तोजीराव म्हणाले, आणि उभ्यानंच चार वाक्यांत सगळं सांगितलं. डबे, फेटे, कढया. मागच्या बाकावर अमूल्या मान खाली घालून बसली होती.

अरुणना वाईट वाटलं. माणूस मनानं मऊ. "काका, पण तुमची आणि त्यांची बरोबरी नाही होत. तुम्ही पोटासाठी सायकल मारत होतात. तुमच्यामागे ना फौज, ना राजा. तुमच्या आजोबांचं तर त्यांनीच सगळं घालवलेलं."

"ते मला गोत्तु हाय, प्रोफेसर. पाठवणारा येगळा, जाणारा येगळा. मी जाणाऱ्यातला, आणि तोबी शेवटचा." त्यांनी कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली. "पण दारात उभं ऱ्हायचं कसं, ते दोघांचं सारखंच असतंय. तुमाला तेवढंच पायजे ना नाटकात?"

"हो," अरुण म्हणाले. "तेवढंच."

मृदुला डोळे पुसून उठली आणि टाळी वाजवून ओरडली, "चला, दुसरा प्रवेश! काकांचा लाल कोट कुठाय?"

संक्रांतीच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी सहाला, सभागृह भरलं. पुढे मंडळाची पेन्शनर मंडळी, मागे तीळगुळाच्या पुड्या सांभाळणाऱ्या बायका, आणि एका बाजूला अख्खा मंडी मोहल्ला: भाजीवाला, वाणी, नळावरच्या चौघीजणी. पेटीवर सुब्बराव. पडदा नव्हता, दिवे घालवून लावायचे.

पहिला प्रवेश झाला. दिवे गेले. टाळी नाही, शिट्टी नाही, शिवी नाही.  बावीस वर्षांत असा गप्प प्रेक्षक दत्तोजीरावांनी पाहिला नव्हता. विंगेत पेटीशेजारी येऊन त्यांनी कुजबुजत विचारलं, "सुब्बा, पडलो काय रे?"

सुब्बरावांनी भात्यावरचा हात काढला नाही. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मराठीत बोलले. अगदी मोडकं. "पडला न्हाई. लोक विचार करते. जा, कोट घाल."

दुसऱ्या प्रवेशात ओसरीच्या जागी भिंत होती. दिवे लागले तेव्हा भिंतीपुढे लाल कोट उभा होता, चिमूटभर पिवळा घातलेला, पेटलेला. दत्तोजीरावांनी आरोळीसाठी छाती भरून श्वास घेतला. त्याच क्षणी मोहल्ल्याच्या बाजूनं एका बाईचा आवाज आला, कानडीत, मोठ्यानं, शेजारणीला सांगावं तसा: "अय्यो, हा तोच की गं! मघाशी पाणी मागत होता तो!"

आरोळी घशातच राहिली.

सभागृह त्यांच्याकडे बघत होतं. ते सभागृहाकडे बघत होते. मृदुला दारात उभी होती, तिला पुढं काही करता येईना, कारण तिचं वाक्य त्यांच्या आरोळीनंतरचं. दत्तोजीरावांनी श्वास सोडून दिला. मग ओसरीच्या जागेकडे एक पाऊल टाकलं, बुटांसकट, आणि अगदी साध्या आवाजात, घरच्या माणसानं घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "बाई, आतलं सामान हलवा. ही खोली आम्हाला लागेल."

पहिल्या रांगेतला एक पोरगा, जो मघापासून तीळगुळाच्या पुडीशी खेळत होता, थांबला. मागं कुणीतरी खोकायला गेलं आणि खोकलं नाही. मृदुलानं आपलं वाक्य म्हटलं. तिचा आवाज खरोखरच कापत होता. प्रवेश संपला तो तसाच, एकही शब्द चढा न होता.

दिवे गेल्यावर ती धावत विंगेत आली. तिसऱ्या प्रवेशाचा कोट, खाकी, तिच्या हातात होता.

"काका, आरोळी? तालमीत तर रोज..."

"होती की," दत्तोजीराव म्हणाले. ते घामानं भिजले होते आणि डोळे, ते घारे डोळे, पोरासारखे चमकत होते. "हितपर्यंत आली होती. पण मग बघितलं तर घर झालंच होतं आमचं. ओरडायचं कुणावर?"

बाहेर मंडी मोहल्ल्याच्या बाजूनं आता कुजबुज वाढत चालली होती. त्या कुजबुजीत अमूल्याचा आवाज त्यांना ओळखू आला; ती कुणाला तरी सांगत होती, आमचे ताता, आमचे ताता. त्यांनी तिकडे कान दिला, पण वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही हात मागे केले. मृदुलानं लाल कोट उतरवला, खाकी चढवला आणि गुंड्या लावायला घेतल्या.